पान एकेचाळीस

कुताइसीत तेव्हा वीज दिवसातून दोन तास यायची,
कधी तीही वाट चुकायची.
मी आसनं शिकले ती घासलेटच्या दिव्यात,
एका टंकलिखित वहीवरून.
कार्बनची चौथी प्रत,
अक्षरं इतकी पुसट, जणू कुणी ओठांतल्या ओठांत बोलतंय.
वही दिली रेशीम गिरणीतल्या झायराने,
बदल्यात अर्धा किलो साखर मोजून घेतली.

आकृत्या हाताने काढलेल्या.
माणसांना चेहरे नव्हते, पावलांना बोटं नव्हती,
एकाला तर चुकून तीन हात.
त्या तिसऱ्या हाताचं करायचं काय,
हा विचार मी आठवडाभर केला.

चाळिसाव्या पानावर शीर्षासन.
डोकं कुठे टेकवायचं, कोपरांत अंतर किती,
पाय सावकाश वर, श्वास मोजा,
आणि मग
थेट बेचाळीस.
मधलं पान कुणी फाडलं असेल,
किंवा झायराच्या नवऱ्याने तंबाखू वळली असेल त्यात.

म्हणजे वर जायचं मला कळलं.
खाली यायचं नाही.

अकरा वर्षं मी पलंगावर कोसळत होते.
पलंग भिंतीजवळ ओढायचा, नेम धरायचा, पडायचं.
स्प्रिंगा करकरायच्या,
खालच्या मजल्यावरचा वाख्तांगी काठीने छत ठोकायचा,
आणि डावीकडच्या खोलीतून आई,
जी अंथरुणातून उठत नव्हती,
विचारायची, "पुन्हा?"
मी म्हणायचे, "पुन्हा."
दिवसभरात आमचं एवढंच हसणं.

आई गेल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात
लामाराकडे गेले.
शाळेची जुनी व्यायामशाळा, रबराचा आणि खडूचा वास,
लामारा सत्तरीची, पाठ अशी की ओळंबा लाजावा.
मी वर गेले. सरळ. न हलता.
बाकीच्या बायका थांबून बघायला लागल्या.
मग मी सवयीने पडले,
जिथे पलंग असायला हवा होता तिथे.

"कुणी शिकवलं?"
"कुणी नाही."
"ते दिसतंच आहे," ती म्हणाली, "दोन्ही बाजूंनी."

पुन्हा वर जायला लावलं.
घोट्यामागे तिची दोन बोटं, धरलेली नाहीत, नुसती असलेली.
"आधी गुडघे. मग मांड्या.
गेलीस त्याच रस्त्याने परत ये.
डावा कान कुणाकडे लावलायस? खांदा चढलाय."

मी उत्तर दिलं नाही.
पाय जमिनीला लागले
तेव्हा त्यांचा आवाजही झाला नाही.

अकरा वर्षांचं दोन मिनिटांत.
मला इतका राग आला की आठवडाभर गेले नाही.
रागही कुणावर?
पानावर, झायरावर, त्या तंबाखूवर,
आणि खरं सांगायचं तर त्या दोन बोटांवर,
जी इतक्या जवळ, चार बस थांब्यांवर, राहत होती.

आता घरी करते तेव्हा खांदा सुटा असतो.
घोट्यामागे कुणी नसतं तरी असतं.
सावकाश उतरते. खोलीतलं काहीच हलत नाही,
कपाटावरच्या मुरंब्याच्या बरण्यासुद्धा.

परवा जिन्यात वाख्तांगी भेटला,
काठीवर दोन्ही हात ठेवून, बराच वेळ
माझ्या पिशवीकडे बघत राहिला.
"बरी आहेस ना?" म्हणाला.
"महिनाभर आवाज नाही."

लामाराला हे सांगितलेलं नाही:
शनिवारी संध्याकाळी मी पलंग भिंतीजवळ ओढते,
वर जाते, श्वास मोजते,
खांदा थोडा चढू देते डावीकडे,
आणि पडते.

स्प्रिंगा करकरतात.
मग क्षणभर काहीच नाही.
मग काठी.